बद्धकोष्ठतेवर पोटाची मालिश : फरक पडतोय का, हे घरच्या घरी मोजायचं कसं

तापीकाठच्या एका गावात मी एका आबांकडे फिजिओथेरपीसाठी जायचो. वय ७४, खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, दिवसाचे वीस तास अंथरुणात. पाय हळूहळू सुधारत होता, पण घरात चर्चा पायाची नसायची, पोटाची असायची. ‘पोट दगड व्हई गयं रे भाऊ,’ हे आबांचं रोजचं वाक्य. शौचाला आठवड्यातून दोनदा, तेही कुंथून कुंथून. डॉक्टरांनी तपासून आतडं अडकलेलं नाही याची खात्री केली, औषध दिलं आणि मालिशला हरकत नाही म्हणाले. घरातल्या माईंना मी मालिश शिकवली. दुसऱ्याच दिवसापासून मालिश झाली की आबा पोटावर थाप मारून म्हणायचे, ‘आते मऊ शे.’ माई खूश, मीही खूश. दोन आठवड्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं, तर शौचाच्या दिवसांवरच्या खुणा पूर्वीइतक्याच होत्या. आठवड्याला दोन.

म्हणजे हाताला लागत होतं ते खोटं नव्हतं, फक्त त्याचा अर्थ आम्ही चुकीचा लावत होतो. त्यानंतर मी मोजायला लागलो. ती पद्धत इथे सविस्तर देतो.

आधी, कुणी हे करूच नये

अचानक सुरू झालेलं जोराचं पोटदुखणं, उलट्या, फुगलेलं पोट आणि गॅससुद्धा सरत नाही, ताप, शौचातून रक्त, कारण नसताना घटलेलं वजन, पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय, यातलं काहीही असेल तर मालिशही नको आणि मोजमापही नको, थेट डॉक्टर. गरोदरपण, हर्निया, नुकतंच झालेलं पोटाचं ऑपरेशन, आतड्याची सूज किंवा पोटात ठोके देणारी गाठ असेल तरीही हात लावायचा नाही.

आपल्याकडे ‘बेंबी सरकली’ म्हणून पोट चोळून घ्यायची पद्धत अजून आहे, वरून एरंडेलही पाजतात. दुखणं अपेंडिक्सचं असेल तर हे दोन्ही उपाय जिवावर बेतू शकतात. उजव्या बाजूला खाली दुखतंय, चालताना कळ येते, अशा माणसाला चोळणाऱ्या बाईकडे नेऊ नका.

आणखी एक गोष्ट घरातल्यांच्या लक्षात येत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचं धोतर पातळ शौचाने सारखं खराब होत असेल, तर ते जुलाब असतीलच असं नाही. खाली कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ मळ झिरपतो. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी दिली तर गोळा आणखी घट्ट बसतो. डॉक्टर बोटाने तपासतात, एनिमा देतात. ते झाल्यावरच मालिशचा विचार.

हाताला नेमकं काय लागतं

पोटावर दाबलं की बोटाखाली क्रमाने कातडी, चरबी, पोटाचे स्नायू आणि मग आतडी येतात. ‘पोट कडक’ म्हणतो तेव्हा यातला कुठलाही थर कडक असू शकतो. खात्री करायची असेल तर उताणं झोपून एक हात पोटावर ठेवा आणि डोकं उशीवरून चार बोटं उचला. पोट क्षणात फळीसारखं होतं. आतड्यातला मळ काही क्षणात वाढलेला नाही, आवळले ते स्नायू.

मालिशचं उलटं. गरम हात, तेल, शांत पडून राहणं, यांनी स्नायू सैलावतात आणि पोट लगेच मऊ लागतं. आबांच्या घरी आम्ही तेच मऊपण मोजत होतो आणि त्याला पोट साफ होणं समजत होतो. म्हणून मोजायचं ते मालिशनंतर लगेच नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी, मालिशच्या आधी. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

दवाखान्यांमध्ये ताठरपणा मोजायची यंत्रं आहेत. यकृतासाठी फायब्रोस्कॅन करतात, त्यात कंपनाची लाट किती वेगाने जाते त्यावरून ताठरपणा किलोपास्कलमध्ये निघतो. स्नायूंसाठीही सोनोग्राफीची तशी तंत्रं आहेत. ऑनलाइन स्वस्तात मिळतो तो ड्युरोमीटर, रबर आणि फोम तपासायचा. एका पेशंटच्या मुलाने मोठ्या हौसेने मागवला होता. त्याची सुई जेमतेम अडीच मिलिमीटर बाहेर असते. म्हणजे तो कातडी आणि चरबी मोजणार, आतड्यापर्यंत त्याची मजल जात नाही. ते पैसे वाचवा.

घरचं साधन

तत्त्व अगदी शाळेतलं आहे. ठरावीक वजन ठेवलं की पोट किती मिलिमीटर दबतं ते बघायचं. हाताने दाबलं तर जोर रोज बदलतो, मन म्हणेल तसा. वजन मात्र रोज तेवढंच राहतं, आणि जास्त दाबलं जाण्याची भीतीही नाही.

लागतं ते असं : वायरिंगची पाऊण इंची प्लास्टिकची नळी, साधारण ४५ सेंटिमीटर. तिच्या खालच्या टोकाला ४ सेंटिमीटर व्यासाचं, गुळगुळीत कडांचं झाकण एम-सीलने घट्ट बसवायचं, पण ते नळी पुढे सांगितलेल्या फळीच्या भोकातून ओवल्यावर. वरच्या टोकाला त्याच पद्धतीने स्टीलची छोटी वाटी. नळीवर उभी कागदी मोजपट्टी चिकटवून वरून पारदर्शक टेप. आता झाकणासकट हे सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि वाटीत वाळू टाकत बरोबर २०० ग्रॅम करा. वाळूवर टेप लावा, नाहीतर नातवंडं ती कमी-जास्त करतात. अनुभव आहे.

मग एक लांब फळी. ती माणसाच्या अंगावरून पुलासारखी जायला हवी, दोन्ही बाजूंना सारख्या उंचीच्या स्टुलांवर टेकलेली. मध्ये नळी सहज सरकेल एवढं भोक. नळी डुगडुगत असेल तर वितभर खाली दुसरी पातळ फळी लावून त्यातही भोक पाडा, म्हणजे नळी सरळ उभी राहते. सुतार अर्ध्या तासात करून देतो. काय करताय, हे मात्र चार वेळा विचारतो.

शेवटची वस्तू म्हणजे ५०० ग्रॅमचं वजन. किराणा दुकानातलं, वजनमाप खात्याचा शिक्का असलेलं लोखंडी वजन उत्तम. ते न मिळाल्यास काट्यावर तोलून वाळूची पिशवी करा.

कुठे आणि कसं मोजायचं

सकाळी, लघवी करून आल्यावर, चहाच्या आधी. रोज तीच वेळ. भरलेलं मूत्राशय आणि भरलेलं पोट दोन्ही आकडा बिघडवतात.

बाजेवर मोजू नका. बाजेची दोरी वजनाने दबते आणि ते दबणंही तुमच्या आकड्यात शिरतं. जमिनीवर सतरंजी घाला. माणूस उठू शकत नसेल तर गादीखाली प्लाय सरकवा. उताणं झोपवून गुडघ्यांखाली लोड द्या, हात बाजूला, डोकं उशीवर सैल. बोलायचं नाही, आणि ‘किती आलं?’ म्हणून मान उचलून बघायचं तर अजिबात नाही. तेवढ्या डोकावण्याने काय होतं ते वर सांगितलंच.

जागा दोन. बेंबीपासून कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकापर्यंत (पँटच्या खिशाशी हाताला लागतं ते) मनात रेघ ओढा आणि तिचा मध्य धरा. एक डावीकडे, एक उजवीकडे. शौचाआधी मळ साठतो तो बहुतेक डावीकडे खाली, म्हणून डावी जागा महत्त्वाची. पण उजवीही घ्यायची, कारण थंडी, चरबी, स्नायूंचा ताण हे दोन्ही बाजूंना सारखंच लागू होतं. फक्त डावी कडक असेल तर तिथे काहीतरी वेगळं आहे असं म्हणायला जागा राहते. पहिल्या दिवशी बेंबीपासूनचं अंतर टेपने मोजून वहीत लिहा. बॉलपेनची खूण आंघोळीत जाते.

नळी हलकेच पोटावर सोडा. १० सेकंद थांबा. श्वास सोडून झाला की फळीच्या वरच्या कडेशी मोजपट्टीवरचा आकडा वाचा. आता वाटीत ५०० ग्रॅम अलगद ठेवा, पुन्हा १० सेकंद, पुन्हा श्वास सोडल्यावर वाचन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे तुमचा आकडा. दहा सेकंदांचा हट्ट यासाठी की शरीर मातीच्या चिखलासारखं हळूहळू दबत राहतं. एका दिवशी पाच सेकंद आणि दुसऱ्या दिवशी वीस, असं केलं तर पोट नाही, घड्याळ मोजलं जाईल.

वजन काढा, एक मिनिट विसावा द्या, पुन्हा मोजा. असं तीनदा. तीनपैकी मधला आकडा लिहायचा. ११, १४, १३ आले तर १३. दुखलं तर तिथेच थांबवा.

५०० ग्रॅम म्हणजे ४.९ न्यूटन. पोट १० मिलिमीटर दबलं तर ताठरपणा ४.९ भागिले १०, म्हणजे मिलिमीटरला ०.४९ न्यूटन. १४ मिलिमीटर दबलं तर ०.३५. भागाकाराचा कंटाळा असेल तर नुसते मिलिमीटर लिहा. जास्त मिलिमीटर म्हणजे मऊ पोट. हा आकडा झाकणाच्या आकारावरही अवलंबून असतो, त्यामुळे शेजारच्यांच्या आकड्याशी त्याची तुलना करण्यात अर्थ नाही. आबांचा आकडा आबांच्याच कालच्या आकड्याशी ताडायचा. आणि झाकण तुटलं तर नवं तेवढ्याच मापाचं.

बायकांचं मोजताना घरातल्या बाईनेच मोजावं. अंगावर पातळ सुती ओढणी राहू द्यायची असेल तर राहू द्या, फक्त रोज तीच आणि एकाच पदराची. पाळीच्या दिवसांवर वहीत खूण करा, त्या दिवसांत पोट एरवीही वेगळं लागतं.

पहिला आठवडा नुसता मोजायचा

लोकांना हे पटत नाही. साधन झालं की लगेच मालिश सुरू करायची असते. पण आधी सात दिवस मालिशशिवाय मोजा. मालिश नसतानाही आकडा खालीवर होतो, तो किती होतो ते यातून कळतं. आबांचा डावीकडचा आकडा त्या आठवड्यात ९ ते १३ मिलिमीटरमध्ये फिरत होता. मग पुढे १२ आला म्हणून टाळ्या वाजवायचं कारण नाही. १३च्या पुढे सलग तीन-चार दिवस गेला, तर काहीतरी बदललं असं म्हणता येईल.

याच आठवड्यात वहीचे बाकीचे रकाने सुरू करा. शौच झालं की नाही, किती वाजता, कुंथावं लागलं का, पोट पूर्ण साफ झाल्यासारखं वाटलं का, कुठलं औषध घेतलं. आणि मळाचा प्रकार. त्यासाठी १९९७ साली इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथल्या डॉक्टरांनी मांडलेला सात प्रकारांचा तक्ता जगभर वापरतात. आपल्या भाषेत सांगायचं तर पहिला प्रकार शेळीच्या लेंड्या. दुसरा भुईमुगाच्या शेंगेसारखा, गाठी गाठी एकत्र आलेला. तिसरा वरून तडे गेलेला. चौथा सोललेल्या पिकल्या केळासारखा, गुळगुळीत. पाचवा मऊ तुकडे, सहावा कालवलेला, सातवा पाणी. पहिले दोन म्हणजे बद्धकोष्ठ, तिसरा-चौथा चांगला. केळीच्या रावेर-यावल पट्ट्यात ‘चौथा’ म्हणायची गरजच पडत नाही, ‘आज केळं’ एवढं पुरतं.

खरा निकाल या रकान्यांचा. पोटाचा आकडा हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नाही. पोट मऊ आणि शौच आठवड्याला दोनदाच, तर सुधारणा झालेली नाही. वैद्यकीय व्याख्येतही आठवड्याला तीनपेक्षा कमी वेळा शौच, कुंथणं, कडक मळ, अपूर्ण वाटणं असेच निकष आहेत. पोटाचा कडकपणा त्यात नाही.

मालिश

जेवणानंतर निदान दीड-दोन तासांनी. संध्याकाळी केली तर सकाळच्या मोजणीत तिचा ताजा परिणाम मिसळत नाही. झोपण्याची पद्धत मोजणीचीच. तिळाचं किंवा खोबऱ्याचं तेल थोडंसं, हात चोळून गरम.

मोठं आतडं उजवीकडे खालून सुरू होतं, बरगड्यांपर्यंत वर जातं, तिथून आडवं डावीकडे येतं आणि डाव्या बाजूने खाली उतरतं. समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. हात त्याच दिशेने. उलटा फिरवू नका.

पण सुरुवात शेवटाकडून करायची. गावातला ट्रॅक्टर अडकला की आधी पुढची बैलगाडी काढावी लागते, तसं. पहिल्या फेरीत फक्त डावी बाजू, बरगडीखालून कमरेच्या हाडाकडे खाली, दहा-बारा वेळा. दुसऱ्या फेरीत वरच्या बाजूने उजवीकडून डावीकडे आडवं आणि मग खाली. तिसऱ्या फेरीत उजवीकडे खालून वर, आडवं, आणि डावीकडे खाली. सपाट बोटं एकावर एक ठेवून, सावकाश. जोर किती? पुरणपोळीचं पीठ मळून झाल्यावर शेवटी तेलाचा हात फिरवतो, त्यापेक्षा थोडा जास्त. ज्वारीची भाकरी थापतो तसा नाही. माई पहिल्या दिवशी थापायलाच लागल्या होत्या. एकूण १० ते १५ मिनिटं, रोज.

किती अपेक्षा ठेवायची? स्वीडनमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० जण होते. आठ आठवड्यांच्या मालिशने त्रास कमी झाला, शौच वाढलं, पण पोट साफ होण्याच्या औषधांचा वापर कमी झाला नाही. ब्रिटनमध्ये मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (मेंदू आणि मज्जारज्जूचा एक आजार) सुमारे १९० रुग्णांवरचा अभ्यास २०१८ साली आला. त्यात मुख्य निकषावर ठोस फरक दिसला नाही, शौचाची वारंवारता मात्र थोडी वाढली. मालिश जादू नाही, आणि निकामीही नाही. मालिश सुरू केली म्हणून डॉक्टरांचं औषध आपल्या मनाने बंद करू नका, हा यातला व्यवहार.

माझी चूक

तिसऱ्या आठवड्यात आबांना चार वेळा शौच झालं. डावीकडचा आकडा १५-१६ मिलिमीटरवर, उजवीकडचा होता तिथेच. मी खूश होऊन वही उघडली आणि लक्षात आलं, त्याच सोमवारपासून आम्ही त्यांना सकाळच्या चहानंतर कमोडच्या खुर्चीवर पायांखाली पाट देऊन दहा मिनिटं बसवायला लागलो होतो. काही पोटात गेलं की मोठं आतडं हालचाल करतं, हे ठाऊक असलेलंच आहे. सकाळी ते जास्त जोरात होतं. पाय उचलले की मळाची वाटही सरळ होते. मग श्रेय मालिशचं की बैठकीचं? माझ्या वहीतून ते निघत नाही, कारण मी दोन गोष्टी एकदम बदलल्या.

म्हणून एका वेळी एकच बदल. इसबगोल सुरू करायचं असेल तर आधी ते, दोन आठवडे, आणि भरपूर पाण्याबरोबर, नाहीतर तेच पोटात गोळा धरतं. हृदय किंवा किडनीसाठी पाणी मोजून घ्यायला सांगितलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मग मालिश. जेवण शक्यतो तेच ठेवा. दर रविवारी शेवभाजी होत असेल तर होऊ द्या, फक्त वहीत लिहा. लोह, कॅल्शियम किंवा दुखण्याच्या काही गोळ्या नव्याने सुरू झाल्या तर तारखेसकट लिहा, त्या पोट बांधतात. मे महिन्यात इथलं ऊन ४५ अंशांवर जातं, अंगातलं पाणी घामावाटे जातं आणि मळ सुकतो. एप्रिलचे आणि ऑगस्टचे आकडे समोरासमोर ठेवून मालिशचं माप काढू नका.

तीन-चार आठवड्यांनी फरक दिसला तर एक आठवडा मालिश थांबवून बघा. औषध, बैठक, जेवण तेच. शौच पुन्हा कमी झालं आणि मालिश सुरू केल्यावर पुन्हा वाढलं, तर मालिशचा वाटा आहे असं मानायला जागा आहे. काहीच बदललं नाही तर रोजची पंधरा मिनिटं माईंना दुसऱ्या कामाला मोकळी. आबांनी मात्र थांबवू दिली नाही. शौच होवो न होवो, संध्याकाळी माई पंधरा मिनिटं जवळ बसते, ती बंद करायची नाही, म्हणाले. वहीत त्यासाठी रकाना नव्हता.

सहा आठवड्यांनी काहीच नाही, तर

वही घेऊन डॉक्टरांकडे जा. जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीतही चालेल. ‘पोट साफ होत नाही’ एवढंच सांगण्यापेक्षा सहा आठवड्यांचे रकाने समोर ठेवले तर बोलणं लवकर मुद्द्यावर येतं. थायरॉइड, मधुमेह, चालू औषधं हे ते बघतील.

एक नोंद मात्र आवर्जून दाखवा : पोट मऊ, मळ तिसऱ्या-चौथ्या प्रकारचा, तरी बाहेर येत नाही, खूप कुंथावं लागतं, कधी बोटाची मदत घ्यावी लागते. अशा वेळी अडचण आतड्यात नसून गुदद्वाराच्या स्नायूंत असू शकते. जोर लावताना ते सैल व्हायच्या ऐवजी आवळतात. त्यासाठी मोठ्या शहरांतल्या गॅस्ट्रो विभागात दाब मोजायची आणि गुदद्वारातून आत ठेवलेला छोटा फुगा बाहेर टाकायला लावायची तपासणी करतात, आणि ते स्नायू सोडायला शिकवणारा वेगळा व्यायाम असतो. पोटावर कितीही तेल जिरवलं तरी हा दरवाजा त्याने उघडत नाही.